मध्ये टेकवायचं नाही

वखारीतल्या हमालांचा एक नियम कुठंही लिहिलेला नव्हता, म्हणून तो सगळे पाळत. पाठीवर घेतलेलं पोतं थप्पीवरच उतरायचं. मध्ये टेकवायचं नाही. लिहिलेले नियमही होते. दारावर मोठी पाटी होती : विडी ओढू नये, थुंकू नये, फळीवर दोघांनी एकदम चढू नये. त्या पाटीखाली बसून टोळी विडी ओढायची, आणि थुंकायला पाटीचा खांब सोयीचा होता.

पोतं टेकवलं तर काय व्हायचं? काही नाही. कोणी मारत नसे, कामावरून काढत नसे. नुसतं नाव पडायचं. सात वर्षांपूर्वी एकानं थप्पीवर चढणाऱ्या फळीच्या मध्यावर पोतं खाली ठेवून दम खाल्ला होता. त्याचं नाव पडलं 'अर्धा'. मग त्याची बायको अर्ध्याची बायको झाली, त्याचं घर अर्ध्याचं घर झालं. बिचाऱ्यानं शरमेनं वखार सोडली आणि शेळ्या पाळल्या, तर त्या अर्ध्याच्या शेळ्या झाल्या. आता तो बासष्टचा होता आणि टेकडीच्या चढाला शेळ्यांच्या पुढे चालायचा. टोळीत त्याची गोष्ट सांगत ती माणसानं कसं वागू नये याची.

कसं वागावं याची गोष्ट टोळीतल्या थोरल्याची होती. दोन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, थोरला पाठीवर पोतं घेऊन फळी चढला, थप्पीवर गेला, पोतं उतरवलं, हातानं सरळ केलं, शेजारी बसला आणि पुन्हा उठला नाही. वय चव्वेचाळीस. "पोतं पोचवून गेला," असं टोळी म्हणायची, आणि नव्या माणसाला कामावर घेतलं की आधी ही गोष्ट ऐकवायची. त्या दिवशी थप्पी चौदा थरांची होती. सांगता सांगता ती बावीस थरांची झाली. वखारीचं छप्पर अठरा थरांना लागत होतं, पण गोष्टीच्या आड कोणी छप्पर आणत नसे.

थोरल्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं : अचानक. सहा वर्षांत टोळीतले पाच जण अचानक गेले होते आणि त्यातल्या एकानंही पन्नाशी बघितली नव्हती. यात कारकुनाचा काही दोष नव्हता. कारणाचा रकाना अरुंद होता. 'हृदयविकाराचा झटका' त्यात मावत नव्हता, 'अचानक' मावत होतं. त्यामुळे सरकारच्या कागदांत ह्या गावात हृदयविकार नव्हता, आणि जो आजारच नाही त्याचं यंत्र दवाखान्यात कशाला ठेवायचं, म्हणून तेही नव्हतं.

थोरल्याच्या पाठच्या भावाला टोळी मुंगळा म्हणायची. काळा, काटकुळा, आणि स्वतःपेक्षा जड ते उचलणारा. एक्केचाळीसचा. त्याची बायको घरात सगळ्यांची धाकटी म्हणून वखारीतही धाकटीच. फळीच्या पायथ्याशी उपड्या खोक्यावर बसून ती भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायची. हातात वीतभर दाभण, पायाशी सुतळीचा गुंडा. एकोणीस वर्षांत तिचा टाका सुटला नव्हता. बरोबर आणखी दोघी शिवायला असत, एक चष्मेवाली आणि एक विहिरीजवळ राहायची म्हणून विहीरवाली. थोरल्याची बायको, म्हणजे धाकटीची जाऊबाई, सांडलेले दाणे झाडून गोळा करायची. नवरा गेल्यापासून ती वखारीत बोलत नसे. टोळी म्हणायची, झाडू बोलतो तिचा.

ह्या वर्षी गहू सगळा एकदम आला. अंगणात ताडपत्र्यांखाली पोत्यांच्या रांगा लागल्या, रस्त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, आणि वर ढग गोळा व्हायला लागले. नऊ जणांच्या टोळीतले दोघे आजारपणानं घरी. उरलेल्या सातांच्या पाठीवर नवांचा गहू आला. शंभर किलोचं पोतं दोघे उचलून पाठीवर देत, तिसरा ते घेऊन फळी चढे. पाय घसरू नये म्हणून फळीवर अकरा आडव्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. धाकटीला त्या पट्ट्या तोंडपाठ होत्या, कारण दिवसभर नाकासमोर तेवढंच असायचं, पट्ट्या आणि पोटऱ्या.

सोमवारी तिच्या लक्षात आलं, मुंगळा सहाव्या पट्टीवर थांबतो. पोतं पाठीवर तसंच, आणि हा खांद्यावर नाक घासतोय. घासून झालं की पुढे. पुढच्या खेपेला पुन्हा सहावी पट्टी, पुन्हा नाक. दुपारपर्यंत तिनं चौदा वेळा मोजलं.

पाणी द्यायला गेली तेव्हा तिनं विचारलं, "नाकाला काय झालंय?"

"खाजतंय. धूळ आहे."

"सहाव्या पट्टीवरच आहे का धूळ?"

"तू टाके मोज," मुंगळा म्हणाला.

वखारीच्या फाटकाशी सोडावाला बसायचा. गावाचा छातीचा डॉक्टर तोच. छाती भरली, गॅस. हात दुखला, गॅस हातात उतरला. जबडा धरला, गॅस वर चढला. बाटली फोडून द्यायचा, माणूस ढेकर द्यायचा, आणि सोडावाला मान हलवून "निघाला" म्हणायचा. त्याच्या हाताला गुण होता. पाचही अचानक गेलेल्यांना त्यानं शेवटच्या आठवड्यात बरं केलं होतं. मुंगळा आता दिवसाला तीन बाटल्या घेत होता.

संध्याकाळी घरी धाकटीनं तेल घेऊन त्याची पाठ चोळली. डावा हात वर घ्या म्हटलं तर तो अर्ध्यावर थांबला.

"पोत्याचा कोपरा लागलाय," तो म्हणाला.

"आणि छाती?"

"गॅस."

ओट्यावर दाणे निवडत बसलेली जाऊबाई खाली बघूनच म्हणाली, "त्यांनाही गॅसच होता. तीन आठवडे. ते नाक नव्हते घासत. ते सहाव्या पट्टीवर पायातला काटा काढायचे." तिनं एक खडा उचलून बाहेर टाकला. "वखारीत काटा कुठून आला, हे मला अजून कळलेलं नाही."

मुंगळा उठला आणि अंगात सदरा घालून बाहेर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी धाकटीला चक्कर आली. निदान ती तसं म्हणाली. वखार उघडायच्या आत दवाखान्यात जाऊन येऊ, एकटीला भीती वाटते, असं म्हणून तिनं मुंगळ्याला बरोबर नेलं. आत गेल्यावर तिनं त्याला स्टुलावर बसवलं आणि सिस्टरना म्हणाली, "चक्कर ह्यांच्याकडे बघून येते. ह्यांना तपासा."

सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, पुन्हा फुगवला.

"दुखतं कुठं?"

"दुखत नाही. भरून येतं."

"कशानं?"

"पोत्यानं."

"आणि पोतं नसताना?"

मुंगळ्यानं जरा विचार केला. "पोतं नसताना मी कुठं नसतोच."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी कागद काढला. "आजच तालुक्याला जा. मोठ्या दवाखान्यात छातीचा आलेख काढतात. तोवर एक किलोसुद्धा उचलायचं नाही. आणि हे भरून येणं बसल्यावरही गेलं नाही, हातात, जबड्यात उतरलं, गार घाम फुटला, तर एका तासाच्या आत तिथं पोचायचं. एका तासात. सोडा पिऊन नाही."

"हंगाम झाला की जातो," मुंगळा म्हणाला.

"हंगाम कोणाचा?" सिस्टरनी विचारलं.

मुंगळा कागद घेऊन उठला. रस्त्यात त्यानं कागदाची घडी केली, आणखी घडी केली, आणि शेवटी सुपारीएवढी झालेली ती घडी खिशात टाकली.

"मग टेकवा तरी," धाकटी म्हणाली. "सहाव्या पट्टीवर पोतं टेकवा, दम घ्या, मग न्या."

"सगळ्यांसमोर?"

"मी शेतात जाऊन टेकवा म्हणते का?"

"मला अर्धा म्हणतील."

"अर्धे का होईना, घरी तर याल."

"थोरल्याचा भाऊ आहे मी," तो म्हणाला, आणि एवढं बोलायला त्याला रस्त्यात थांबावं लागलं.

तिनं मुकादमाला गाठलं. मुकादम तोंडानं वाईट माणूस नव्हता. वहिनी, वहिनी म्हणत त्यानं सगळं ऐकून घेतलं. मुंगळ्याला आठ दिवस काट्यावर बसवा, वजनं टिपू दे, एवढंच तिचं मागणं. मुकादमानं ढगांकडे बोट दाखवलं. "हे थांबायला तयार असतील तर माझी ना नाही." मग दुपारी टोळी भाकरीला बसली तेव्हा त्यानं ते सहज सांगून टाकलं. टोळी पोट धरून हसली. बांबू नावाचा एक उंचाडा होता, तो म्हणाला, "मुंगळ्या, काट्यावर बसताना पाय पोचतील का खाली? का वहिनींना मांडी द्यायला सांगू?"

मुंगळा हसला. हसला आणि भाकरी तशीच फडक्यात बांधून उठला. त्या दुपारी तो सहाव्या पट्टीवर थांबला नाही. ओठ मिटून, फळीवर पाय आपटत, न थांबता वर गेला. खाली उतरताना मात्र त्यानं भिंत धरली होती. संध्याकाळी घरी तो म्हणाला, "पुन्हा माझ्याबद्दल कोणाशी बोललीस तर बघ."

"बोलणार नाही," धाकटी म्हणाली. बोलून काही होणार नाही, हे तिला आता कळलं होतं.

गुरुवारी सकाळी आभाळ वखारीच्या पत्र्यापर्यंत खाली आलं. वारा पडला. घाम अंगावरून वाळेना. मुकादम अंगणात येरझारा घालत "आटपा, आटपा" करत होता, आणि गाडीवाला गाडीचा मागचा फाळका उघडून आपल्या केबिनमध्ये जेवत होता. मुंगळा पहिल्या खेपेला पाचव्या पट्टीवर थांबला. पुढे पुढे चौथ्या पट्टीवर. आजार दोन पट्ट्या खाली उतरला होता.

धाकटीनं माणसं मोजली. बांबू, टोळीतले दोघे सख्खे भाऊ, मग मुंगळा. पुढची तीन पोती तिनं नेहमीसारखी शिवली, दुहेरी टाका, शेवटाला गाठ, दातानं सुतळी तोडली. चौथं पोतं पुढे ओढलं आणि त्याला कच्चा टाका घातला. ज्या पोत्यातून व्यापाऱ्याला धान्य दाखवायचं असतं, त्याला हा टाका घालतात. दिसायला टाक्यासारखा टाका, पण टोक ओढलं की सगळा सर्रकन उसवतो. शेवटाला तिनं गाठ मारली नाही. सुतळी तोडलीही नाही.

चष्मेवालीनं चष्म्यावरून बघितलं. "दाखवायचं आहे का हे पोतं?"

"हो."

"कोणाला?"

"सगळ्यांना," धाकटी म्हणाली.

चष्मेवालीनं एकदा पोत्याकडे बघितलं, एकदा फळीकडे, आणि मग आपल्या दाभणात सुतळी ओवायला घेतली. ती आधीच ओवलेली होती.

दोघांनी पोतं उचलून मुंगळ्याच्या पाठीवर दिलं. त्यानं कमरेत वाकून ते बसवून घेतलं, खांद्यांवरून हात मागे नेऊन त्याचे कान, म्हणजे वरचे दोन कोपरे, धरले आणि निघाला. धाकटीच्या पायाशी सुतळीचा गुंडा उड्या मारायला लागला. पहिली पट्टी. दुसरी. सुतळी त्याच्या मागे जमिनीवरून, मग फळीवरून सरपटत गेली. तिसरी. चौथ्या पट्टीवर तो थांबला. ह्या वेळी त्यानं नाक घासलं नाही. मान खाली गेली होती, आणि काळ्या चेहऱ्यावर चुलीतल्या राखेचा रंग आला होता. घाम सगळ्यांनाच होता. त्याचा घाम लांबून गार दिसत होता. एक पाय पाचव्या पट्टीकडे गेला, हवेत राहिला, परत आला.

धाकटीनं सुतळीला मनगटाचा वेढा दिला आणि ओढली.

टाका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवत गेला. पोत्याचं तोंड उघडलं आणि गहू मुंगळ्याच्या मानेवरून, कानांवरून, डोक्यावरून फळीवर कोसळला, फळीवरून खाली पसरला. बघता बघता शंभर किलोचं नुसतं बारदान उरलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मुंगळा फळी चढताना मध्यावर रिकाम्या पाठीनं उभा होता. काय करावं ते त्याला कळलं नाही. मग तो होता तिथंच गव्हात बसला.

"टाका सुटला," कोणीतरी ओरडलं. बांबू हसला. मुकादम धावला. गव्हाकडे.

धाकटी फळीवर पोचली होती. मुंगळ्याचा उजवा हात छातीवर होता, डावा मांडीवर पडला होता, कोणी विसरून गेल्यासारखा.

"भरून आलंय?"

त्यानं मान हलवली. "पोतं," तो म्हणाला.

"पोतं गेलं. हात दुखतोय?"

"जबडा."

सोडावाला बाटली घेऊन आला होता. लोकांना बाजूला करत तो म्हणाला, "हवा येऊ द्या, हवा येऊ द्या. गॅस आहे." धाकटीनं त्याच्याकडे नीट बघितलं. "ही तुम्हीच प्या," ती म्हणाली. "तुमचा चेहरा उतरलाय."

मग ती वळून मुकादमाला म्हणाली, "गाडी पाहिजे. तालुक्याला."

"गाडी अर्धी भरलेली आहे, वहिनी. तेवढी रिकामी होऊ दे, लगेच नेऊ. तासाभराचं काम आहे."

जाऊबाईनं झाडू भिंतीला उभा केला. दोन वर्षांत तिनं कामाच्या वेळी झाडू खाली ठेवलेला कोणी बघितला नव्हता.

"त्यांच्या वेळी पण तासभरच म्हणाला होतात," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण वखारीत तेवढ्यात सगळं थांबलं होतं, त्यामुळे तो पार छपरापर्यंत गेला.

"पोतं पोचवून गेले म्हणून सांगता ना सगळ्यांना? पोचवून गेले नाहीत. पोचवल्यावर पाऊण तास होते. वर, थप्पीवर. माझा हात धरून. खाली कसं उतरवायचं, गाडी झाली की बघू, म्हणालात. पाऊण तास मी तुमची पावलं मोजली. एकसष्ट पोती आणलीत तेवढ्यात. त्यांच्या बाजूनं रचलीत." तिनं बांबूकडे बघितलं. "तू त्यांना म्हणालास, जरा पाय घ्या."

बांबूचं हसू तसंच तोंडावर राहिलं. ते कुठं ठेवावं हे त्याला सुचेना.

जाऊबाई चालत गेली आणि गाडीच्या पुढच्या सीटवर, जेवत असलेल्या गाडीवाल्याच्या शेजारी जाऊन बसली. "हात धुवा," ती त्याला म्हणाली. "निघायचंय."

चौघांनी रिकामं बारदान ताणून धरलं आणि मुंगळ्याला त्यात घेऊन फळीवरून उतरवलं. गाडीपर्यंत नेताना कोणी त्याला मध्ये टेकवलं नाही. अर्ध्या गाडीत गहू होता. उरलेल्या अर्ध्यात मुंगळा, धाकटी आणि तिच्या मनगटाला तशीच गुंडाळलेली सुतळी. वाटेत पावसाला सुरुवात झाली. मागे अंगणात ताडपत्र्या ओढल्याचे आवाज आले, पण ते लवकरच ऐकू येईनासे झाले.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावल्या, यंत्रातून निघालेल्या कागदावरच्या रेघा बघितल्या आणि कोणाशी न बोलता इंजेक्शन मागवलं. तीन तासांनी त्या बाहेर आल्या.

"नळी बंद झाली होती. उघडली आहे. किती वेळात आणलंत?"

"पन्नास मिनिटं," जाऊबाई म्हणाली. गाडीवाल्याच्या घड्याळावरून ती डोळे काढू शकली नव्हती.

"आणखी तासभर गेला असता तर मला फार काही करता आलं नसतं. घरात आधी कोणाला होता हा आजार?"

"मोठ्या भावाला. दोन वर्षांपूर्वी गेले," धाकटी म्हणाली.

"कशानं गेले म्हणून लिहिलंय?"

"अचानक," जाऊबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. "इथं मी काय लिहिते ते बघा," त्या म्हणाल्या, आणि मुंगळ्याच्या कागदावर आजाराचं पूर्ण नाव लिहिलं. रकान्याबाहेर गेलं तरी लिहिलं.

नऊ दिवसांनी मुंगळा घरी आला. गोळ्या जन्मभर. विडी बंद. वजन उचलायचं नाही, कधीच नाही. आणि रोज अर्धा तास चालायचं, सपाट रस्त्यानं.

तो धाकटीशी बोलत नव्हता. पाणी हवं असलं तर जाऊबाईला सांगायचा. जाऊबाई घरी नसली तर माठाकडे बघून म्हणायचा, "तहान लागली आहे." धाकटी माठातलं पाणी त्याच्यापुढे ठेवायची आणि माठाला म्हणायची, "दे बाबा." असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर गहू ओतलास."

"ओतला."

"मेलो असतो तर बरं झालं असतं."

"ते तुम्हाला. मला नाही."

त्याला ह्यावर रागावायचं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी रागावूही नको म्हणून सांगितलं होतं.

त्याच दिवशी मुकादम भेटायला आला. बरोबर टोळीतले तिघे. बांबूही होता, दारातच उभा राहिला. तब्येतीचं विचारून झाल्यावर मुकादम घसा साफ करून धाकटीला म्हणाला, "वहिनी, एक विचारायचं राहिलं. एकोणीस वर्षांत तुमचा टाका सुटला नाही. त्या दिवशी कसा सुटला? घाईगर्दी होती, दमट हवा होती, सुतळी कुजकी आली असेल. चूक होते माणसाकडून. तेवढं म्हणा, मी वर सांगतो, विषय संपला. उद्यापासून या."

वाट मोकळी होती. हो, सुतळी कुजकी होती, एवढंच म्हणायचं होतं. मुंगळ्याचीही लाज त्यात झाकली जाणार होती. बायकोच्या हातून चूक झाली, ह्यात नवऱ्याला कमीपणा नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण कान इकडे होते.

"सुतळी चांगली होती," धाकटी म्हणाली. "मी कच्चा टाका घातला आणि मी ओढला. पुन्हा कोणी चौथ्या पट्टीवर राखेसारखा होऊन उभा राहिला, तर पुन्हा ओढीन. बांबू असला तरी ओढीन."

"मग येऊ नका," मुकादम म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. जाताना चप्पल उलटी घातली त्यानं.

दुसऱ्या दिवशी वखारीत चष्मेवालीचा एक टाका सुटला. तिच्या आयुष्यातला पहिलाच. गहू झाडून होतोय तोवर विहीरवालीचा सुटला. मुकादमानं विचारलं तेव्हा दोघी म्हणाल्या, दमट हवा आहे, सुतळी कुजकी येते. शनिवारी पाच पोती सुटली आणि जाऊबाईचा झाडू काही लवकर लवकर चालेना. टोळीतला प्रत्येक जण फळी चढताना मागे वळून बघायला लागला, आपल्यामागे सुतळी तर येत नाही ना. सोमवारी मुकादमानं धाकटीला बोलावणं धाडलं, आणि फळीच्या मध्याला लागून, बाजूला, चार पोती रचून कट्टा करून घेतला, पोतं क्षणभर ठेवता येईल असा. गव्हाची नासाडी होऊ नये म्हणून, असं त्यानं सगळ्यांना बजावून सांगितलं. माणसांचा त्यात काही संबंध नव्हता. पहिले दोन दिवस त्यावर कोणी पोतं ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघा भावांतल्या एकानं ठेवलं, भिंतीकडे तोंड करून, लघवीला उभं राहिल्यासारखं.

राहिलं चालणं.

औषध म्हणून चालायचं, ही गोष्ट मुंगळ्याला पटत नव्हती. माणूस कुठं जायचं असेल तर चालतो. गावात मोठा बाप्या रिकाम्या हातानं, काही काम नसताना चालतोय, असं कोणी बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर त्याच्या घरी निरोप गेला असता. पहिल्या दिवशी तो खांद्यावर दोर टाकून निघाला. "कुठं?" "शेताकडं." त्याला शेत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रिकामी बादली घेऊन निघाला, तर विहिरीवर एकीनं ती भरून दिली आणि धाकटीनं ती रस्त्यातच ओतली. तिसऱ्या दिवशी तो कोयता शोधायला लागला.

"काही घ्यायचं नाही," धाकटी म्हणाली. वखारीतून ती जेवायच्या सुट्टीत आली होती. "चला, मी येते."

"तू कशाला? लोक बघतील."

"बघू देत. जिवंत माणूस बघायची सवय नाही त्यांना, होईल हळूहळू."

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तो डावीकडे वळायला लागला. उजवीकडे वखार होती.

"तिकडं चढ आहे," ती म्हणाली. "सपाट सांगितलंय."

तो उभा राहिला. खूप वेळ उभा राहिला. मग उजवीकडे वळला.

हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. पाठीमागे बांधले तर पुढारी वाटतो, पुढे बांधले तर आजारी. शेवटी त्यानं ते सोडून दिले, तर ते आपोआप हलायला लागले, आणि बावीस वर्षं पोत्याचे कान धरलेली बोटं हवेतच किंचित वळलेली राहिली. वखारीच्या फाटकाशी गाडी लागली होती. टोळी जेवून उठत होती. सोडावाल्यानं बाटली पुसता पुसता हात थांबवला. बांबू पाठीवर पोतं घेऊन गाडीपासून निघालाच होता, तोही थबकला. मुंगळ्याचे कान तापले. धाकटीला वाटलं, आता हा वळतो. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, पाऊलही कमी केलं नाही.

मुकादम फाटकात आला. "काय रे, कुठं निघालास?"

"कुठं नाही," मुंगळा म्हणाला. "चालतोय."

"नुसताच?"

"नुसताच."

"काही काम नाही, काही नाही?"

"काही नाही."

मुकादमानं डोकं खाजवलं. ऐन हंगामात, भर दुपारी, धडधाकट दिसणारा माणूस रिकाम्या हातानं वखारीवरून जातो, ह्याला काय म्हणावं हे त्याला सुचत नव्हतं. "आणि हे किती दिवस चालणार?"

मुंगळा थांबला. छातीवर हात ठेवायचा मोह त्यानं आवरला. फाटकातून त्याला फळी दिसत होती, फळीवरच्या पट्ट्या, आणि वर जाणारी थप्पी. सगळी टोळी त्याच्याकडे बघत होती. बांबूच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि पोतं अजून पाठीवरच होतं.

"रोज," मुंगळा म्हणाला. "ह्याच वेळेला. ह्याच रस्त्यानं."

आणि तो पुढे निघाला. घाई न करता.